दांडी कोणत्या भिंतीला

चंद्रपूरच्या दवाखान्यात लटारू गुरनुले बावीस दिवस होते, आणि त्यातले बरेच दिवस ते प्यायचं पाणी खिडकीबाहेर ओतत होते. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात ठेवाल तिथे पडून राहायचा, डावा पाय ओढाल तेव्हा यायचा. पण उजवा हात शाबूत होता आणि खिडकी नेमकी उजव्या अंगाला होती. नर्सबाईंच्या लक्षात येईपर्यंत लघवीत जंतू झाले आणि ताप चढला.

"लकव्यातून सावरतील ते," डॉक्टर प्रफुलला बाजूला घेऊन म्हणाले, "पण पाणी असंच टाळलं तर घरी नेल्यावर पंधरा दिवसांत परत घेऊन याल. आणि त्या वेळी मी एवढ्या खात्रीनं बोलू शकणार नाही."

प्रफुल बापाच्या खाटेपाशी येऊन बसला. "बाबा, पाणी काऊन नाई पेत तुमी?"

लटारू छताकडे बघत म्हणाले, "पेलं का जा लागते. गेलं का कोणी ना कोणी धरते."

आता हा माणूस मुळात लाजराबुजरा असता तर एक वेळ समजलं असतं. पण लटारू गुरनुले म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले पस्तीस वर्षं गाजलेले खलनायक. दिवाळी सरली की होळीपर्यंत रोज नवं गाव आणि रोज नवा मांडव. वडसा ते मूल ह्या सगळ्या पट्ट्यात असं गाव सापडणं कठीण, जिथे त्यांचा इनामदार बघून बायाबापड्यांनी बोटं मोडली नाहीत. माईक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत जायचा. अशा माणसाला दवाखान्यात दोन परकी माणसं काखेत हात घालून उठवत होती आणि तिसरं कोणी लुंगी सावरत होतं. घरी गेल्यावर हे काम सुनेच्या अंगावर पडणार, हे त्यांनी पडल्या पडल्याच ओळखलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"साधनानं मले धरलं," त्यांनी प्रफुलला तेव्हाच सांगून टाकलं, "तं त्या दिवसापासून पाणी बंद. तू धरशील तरी तेच."

बापाचा हट्ट प्रफुलला ठाऊक होता. एकदा नाही म्हटलं की गाव उलटं झालं तरी नाहीच. म्हणजे आता एकच उपाय उरला. बाप एकटा जाईल, एकटा येईल, कोणी हात लावायची वेळ येणार नाही, असा संडास घराच्या आत बांधायचा. सुट्टी मिळायला दहा दिवस होते.

कोसंबी गावातल्या त्यांच्या घराला संडास नव्हता असं नाही. होता, पण घरामागच्या वाडीच्या पार टोकाला, साठ पावलांवर. तोही उकिडवं बसायचा. कुंपणाच्या पलीकडे धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या पलीकडे रान. शेजारच्या नीलाबाईची शेळी मागच्या उन्हाळ्यात बिबट्यानं तिथूनच उचलली होती, तेव्हापासून धडधाकट माणूसही सांजेनंतर तिकडे सोबत घेऊनच जायचा. तिथे एका पायाचं माणूस पाठवणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ.

प्रफुल अडतीस वर्षांचा. पावसाळ्यात तीन एकर धान करायचा आणि हिवाळ्यात बापाच्याच नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. स्वभावानं जन्माचा उतावळा. एका जागी बसणं त्याला फक्त ऑर्गनपुढे जमायचं, आणि तिथेही पाय हलत असायचेच. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून त्याच्या शर्टाच्या खिशात मोजायचा टेप आला आणि डोळ्यांची झोप गेली ती गेलीच.

त्यानं दवाखान्यातला संडास मोजला. चंद्रपूरहून नागभीडला परतताना पॅसेंजर गाडीतला मोजला, तिथला धरायचा दांडा जमिनीपासून किती उंच आहे ते वहीत लिहून घेतलं. नागभीडला एका साखरपुड्याला गेला तर पंगत बसायच्या आधी टेप घेऊन यजमानांच्या संडासात शिरला आणि बाहेर चार माणसं पोट धरून उभी राहिली. बाहेर आल्यावर ह्याला शरम नाहीच, उलट यजमानांना विचारतो, तुमचं बेसिन जरा खालीच लावलं नाही का.

"झोपेतबी मोजून राह्यले तुमी," साधना म्हणाली. ती हसत होती, पण हसण्यात काळजी होती. "काल माह्या दंडाले टेप लावला होता."

"दंड सापडला म्हणून लावला," प्रफुल म्हणाला. "माणसाचा दंड किती रुंद असते ते पाहाचं होतं. भिंतीले घासला नाई पाह्यजे."

जागा एकच होती. बाहेरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बापाची खाट राहणार, आणि सपरीला लागून एक चिंचोळी खोली होती. साडेतीन फूट रुंद, सहा फूट लांब. त्या खोलीत लटारूंच्या नाटकाच्या दोन पेट्या होत्या. जरीचे कोट, मिशा, पत्र्याच्या तलवारी आणि रंगाचे डबे. प्रफुलनं एका दुपारी पेट्या उचलून माळ्यावर टाकल्या. बापाला फोन करून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण आजारी माणसाच्या डोक्याला कशाला ताप, असं म्हणून ते त्यानं मनातच ठेवलं.

रोशन मिस्त्री गावातलाच. घरकुलाची कितीतरी घरं त्यानं बांधली होती, आणि संडास म्हटला की त्याच्या डोक्यात एकच नकाशा होता. तो आला, खोली बघितली आणि कानामागची पेन्सिल काढून म्हणाला, "टाकी मागं आहे, पाइप सरळ मागच्या भिंतीतून जाते. सीट तिकडंच बसवा लागन, दाराकडं तोंड करून. बाकीचं मंग तुमी म्हणसान तसं."

सीट ठरली, हे बरं झालं. पण बाकीचं सगळं तुम्ही म्हणाल तसं, इथेच तर घोळ होता. प्रफुलला एका दिवसात दहा गोष्टी वाटायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या नऊ पटायच्या नाहीत. सोमवारी बेसिन दारापाशी होतं, मंगळवारी सीटजवळ आलं. बुधवारी त्याला वाटलं बेसिन नकोच, आणि त्याच संध्याकाळी साधना म्हणाली की मामाजींना हात धुवायला परत बाहेर कशाला यायला लावायचं, तेव्हा ते पुन्हा सीटजवळ गेलं. तिथे बसल्या बसल्या उजवा हात नळापर्यंत पोचेल, हे त्याला फारच आवडलं.

दाराचा वाद वेगळाच. ते बाहेर उघडायचं हे दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मुलीनं बजावलं होतं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. त्यावर रोशनचं काही म्हणणं नव्हतं. त्याचा जीव अडकला होता उंबऱ्यात.

"उंबऱ्याबिना दार?" तो म्हणाला. "पाणी सपरीत येईन ना भाऊ. अन् दिसन कसं ते?"

"उंबऱ्याले पाय अडकन त्याईचा."

"दोन इंचाचा ठेवू."

"अर्ध्या इंचाचाबी नाई. त्याईचा पाय उचलतच नाई, घासते. तू फरशीचा उतार मागं काढ."

रोशननं बायको माहेरी गेल्यासारखं तोंड केलं आणि उतार मागं काढला. फरशी खरखरीत घेतली. नळ दांडीचा घेतला, एका हाताच्या एका धक्क्यानं उघडणारा. वच्छलाबाई, प्रफुलची मोठी बहीण, सिरोंच्याला दिलेली, ती रोज फोनवरून नवीन काही सुचवायची. तिच्या सासऱ्यालाही लकवा झाला होता. "धराले दांडी पाह्यजे प्रफुल, दांडीबिना काहीच नाई," ती म्हणाली. "स्टीलची घेजो. मजबूत."

तर दांडी. आता ती लावायची कोणत्या भिंतीला, ह्या प्रश्नावर प्रफुलनं तालीम घ्यायची ठरवली.

त्याच्या घरात कुठलीही अवघड गोष्ट तालमीनंच सुटत आली होती. त्यानं अंगणात चुन्यानं साडेतीन बाय सहाची चौकट आखली. दाराला फट ठेवली, मागच्या रेषेला टेकून खुर्ची ठेवली. ती सीट. बेसिन म्हणून पाटावर टोपलं. स्वतःचा डावा हात दुपट्ट्यानं पोटाशी बांधला आणि रोशनच्या हाती वेळू दिला. रोशननं तो आधी डाव्या रेषेवर धरला, मग उजव्या रेषेवर. डावीकडे धरला की प्रफुलचा बांधलेला हात काही कामाचा नव्हता. उजवीकडे धरला की दारातून आत शिरताच उजवी मूठ वेळूवर बसायची, आणि मग चार पावलं अशी जायची की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला काही झालेलंच नाही.

"वा भाऊ," रोशन म्हणाला. "एक नंबर."

प्रफुलनं ते वीस वेळा केलं. प्रत्येक वेळी आत शिरला, वेळू धरत खुर्चीपर्यंत गेला, बसला, उठला आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. साधना ओट्यावर बसून बघत होती. तिनं तीन दिवस सकाळचा सडा त्या चौकटीला वळसा घालून टाकला. नीलाबाई येऊन विचारून गेली की अंगणात कोणाची पूजा मांडली आहे.

दांडी उजव्या भिंतीला, बेसिन डाव्या भिंतीला. रोशननं भिंतीत चार इंच आतपर्यंत खिळे रोवले. सिमेंट वाळल्यावर प्रफुल दोन्ही पाय उचलून दांडीला लटकला. दांडी हलली नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

लटारू बुधवारी दुपारी घरी आले. गाडीतून उतरताना उजव्या हातात चार पायांची काठी होती, आणि आजूबाजूला जमलेल्या गावाला त्यांनी मान हलवून रामराम घातला. तोंड जरा वाकडं झालं होतं, आवाज बसका झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. सपरीत खाटेवर टेकल्यावर त्यांचं लक्ष त्या चिंचोळ्या खोलीच्या नव्या दाराकडे गेलं.

"पेट्या कुठी आहेत?"

"माळ्यावर ठेवल्या बाबा. नीट ठेवल्या."

साधनानं पाण्याचा गिलास आणला. लटारूंनी ओठ ओले केले आणि गिलास परत दिला. सकाळपासून त्यांनी तेवढंच पाणी घेतलं आहे, हे प्रफुलनं मोजलं होतं. तो सपरीतून अंगणात गेला, अंगणातून सपरीत आला. उगाच नव्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं, जिला तेलाची काही गरज नव्हती.

चार वाजता लटारू म्हणाले, "दाखव बा तुही खोली."

रोशन आपलं काम बघायला मुद्दाम येऊन बसला होता. तो चहाची कपबशी हातात घेऊन उभा राहिला. लटारू काठीवर दारापर्यंत आले, आत डोकावले, काठी चौकटीला टेकवून ठेवली आणि उजव्या हातानं दांडी धरली. उंबरा नव्हता, पाय घासत सरळ आत गेला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पाठ ताठ होती. मागे प्रफुलचे दोन्ही हात हवेत अर्धवट पुढे झाले होते.

"दार लाव," आतून आवाज आला. "अन् दूर जा. कोणी येचं नाई आत."

प्रफुलनं दार लावलं. बसल्याचा धप्प आवाज आला. साधनानं त्याच्याकडे बघितलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती मोकळं हसली. प्रफुलचा जीव भांड्यात पडला. रोशननं चहाचा शेवटचा घोट घेतला.

थोड्या वेळानं पाणी सोडल्याचा आवाज आला. आता दार उघडेल म्हणून तिघंही थांबले. दार उघडलं नाही.

प्रफुल बसला, उठला, पुन्हा बसला. मांडीवर बोटांनी ठेका धरला, सोडून दिला. आतून एकदा कपडे सावरल्याची सळसळ आली. मग लांब दबलेला श्वास, जसा माणूस ओझं उचलताना घेतो. मग काही नाही. परत तोच श्वास.

"जा ना आत," साधना हळूच म्हणाली.

"नको म्हणलं त्याईनं."

"पडतीन ते."

"अन् मी गेलो तं पाणी पेणं सोडतीन. तुले माहीत नाई का त्याईचं?"

त्याचा हात दाराच्या कडीवर होता. उघडलं तर बापाचा शब्द मोडला, आणि मग पुढचे पंधरा दिवस, परत तो दवाखाना, परत ते डॉक्टर. नाही उघडलं तर आत काय होतंय देव जाणे. काय करावं ते न सुचून तो दाराकडे पाठ करून उभा राहिला. आणि तसं उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सीटवर बसलेला माणूससुद्धा असाच बसतो, मागच्या भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड. त्यानं आपला उजवा हात बाजूला केला. हात बेसिनच्या भिंतीकडे गेला. दांडी डावीकडे होती.

तालमीत वीस वेळा आत शिरणं बघितलं होतं, उठणं कोणी बघितलंच नव्हतं. नाटकवाल्यांची ही जुनी खोड. शिट्ट्या एंट्रीला पडतात म्हणून तालीम एंट्रीची करायची, जाण्याचं काय, लाईट बंद झाला की माणूस गेला. आणि ह्या शहाण्यानं हात तेवढा बांधला होता, पाय मोकळेच ठेवले होते. खुर्चीवरून वीसही वेळा तो आपल्या दोन धडधाकट पायांवर उठला होता आणि त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

आतून कुरकुर आवाज झाला आणि सिमेंटचे खडे फरशीवर पडले. प्रफुलनं दार उघडलं.

लटारू लुंगी नीट सावरून बसले होते. कपाळावर घामाचे थेंब. उजवा पंजा बेसिनवर रोवलेला होता आणि बेसिन भिंतीपासून बोटभर सुटलं होतं. दांडी डाव्या खांद्यापाशी चकचकत होती. उजवा हात तिथे आडवा पोचत होता, पण त्या हातानं ओढलं की अंग मेलेल्या बाजूला झुकायचं. काठी दाराबाहेर राहिली होती.

"कधीपासून उभा आहेस?" त्यांनी विचारलं.

"मघापासून."

"मंग?"

"तुमीच म्हणलं होतं, कोणी येचं नाई."

लटारूंनी डोळे मिटले. प्रफुल त्यांच्यापुढे वाकला, त्यांचा उजवा हात आपल्या मानेभोवती घेतला, कमरेत हात घातला आणि त्यांना उचललं. बापाची वाढलेली दाढी त्याच्या कानाला टोचली. लहानपणी मंडईच्या जत्रेतून परतताना हा माणूस त्याला खांद्यावर घेऊन यायचा, त्यानंतर ते दोघं इतके जवळ कधी आलेच नव्हते. साधना आधीच चुलीपाशी निघून गेली होती, सासऱ्याला आपली नजर नको म्हणून.

खाटेवर टेकल्यावर लटारूंनी दम घेतला. मग विचारलं, "दांडी तिकडं लावाची कोणी सांगतली?"

प्रफुलनं खाली बघत सगळं सांगितलं. व्यायामवाली मुलगी काय म्हणाली, वच्छलाबाई काय म्हणाली, मोबाईलवर कोणते व्हिडिओ बघितले, अंगणात तालीम कशी घेतली, रोशननं वेळू कसा धरला. रोशन दारात अपराध्यासारखा उभा होता.

"अन् मले?" लटारू म्हणाले.

प्रफुलचा हात खिशातल्या टेपवर गेला.

"सगळ्याईले इचारलं तुनं. वच्छलाले सिरोंच्याले फोन केला. आगगाडीतला दांडा मोजला म्हणते. मी बावीस दिवस तिथं छत पाहून राह्यलो होतो, मले दुसरं कामच नोतं. माहा कोणता पाय उचलते, कोणता नाई, कुठून उठता येते, कुठून नाई, हे माह्यापेक्षा रोशनले जास्त ठाऊक का? पेट्या हालवल्या. खोली फोडली. एक बार इचारलं असतं, बाबा, कसं पाह्यजे?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर प्रफुलला सोपं गेलं असतं, त्या आवाजाची त्याला सवय होती. त्याला फार लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी जे होतं तेही आता लपत नव्हतं. टेप घेऊन गावभर धावणं सोपं होतं. त्या खाटेपाशी बसून, त्या वाकड्या तोंडाकडे बघत, बाबा तुमचा कोणता पाय गेला आणि किती गेला, हे विचारणं त्याच्यानं होत नव्हतं. म्हणून तो धावत होता.

"चुकलंच माहं," तो म्हणाला. मग खाटेच्या कडेला बसला. "बाबा, मंग कशी पाह्यजे? तुमी सांगा."

लटारूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग उजवा हात बाजूला काढला, हवेत खालीवर केला, जणू तिथे भिंतच आहे, आणि एका जागी थांबवला. "एवढ्या उंचीवर. आडवी नको, पुढं वर चढत गेलेली. उठताना हात वर सरकते. अन् बेसिन तिथून काढ. दारापाशी लाव, बाहेर येता येता हात धुईन मी."

रोशन पुढे झाला आणि हाताखालून जमिनीपर्यंत टेप लावला. "पहिली दांडीबी राहू देऊ का, भाऊ?"

"राहू दे," लटारू म्हणाले. "जाताना कामाची आहे ते. तेवढं बरोबर केलं तुमी."

रोशननं पेन्सिलीनं आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला आणि घसा साफ केला. "बेसिन आत्ताच काढतो. दांडीबी लावतो सांजेपर्यंत. पण सिमेंटले चार दिवस द्या लागन. तवपर्यंत वजन टाकाचं नाई त्याच्यावर."

चार दिवस. आतून साधनानं पाण्याचा लोटा आणि गिलास आणून खाटेजवळच्या पाटावर ठेवला आणि ती तशीच परत गेली. प्रफुलनं गिलासाकडे बघितलं, मग बापाकडे. चार दिवसांचे दहा उपाय त्याच्या डोक्यात एका दमात येऊन गेले. खुर्ची खालून कापायची, दोरी टांगायची, चंद्रपूरहून लघवीचं भांडं आणायचं. जिभेवर आलेलं सगळं त्यानं गिळलं.

"चार दिवस कसं कराचं, बाबा?"

लटारूंनी बाहेर बघितलं. अंगणात चुन्याच्या रेषा अजून थोड्याथोड्या दिसत होत्या आणि एक कोंबडी त्यात काहीतरी टोचत होती.

"बेसिन निघालं का तिथं तू उभा राह्यजो," ते शेवटी म्हणाले. "माह्या उजव्या अंगाले. तोंड भिंतीकडं करून. मी तुह्या खांद्याले धरून उठीन. मी तुले धरीन, तुनं मले धराचं नाई. काखेत नाई, कमरेत नाई, कुठीच नाई. जमन का?"

"जमन."

"मी डगमगलो तरी?"

प्रफुलनं स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. "जमन," तो म्हणाला.

लटारूंनी हात पुढे केला. प्रफुलनं गिलास भरून दिला. त्यांनी तो सावकाश, एकेक घोट घेत संपवला आणि पुन्हा पुढे धरला. दुसरा गिलासही त्यांनी संपवला.

रोशननं बेसिन उतरवून सपरीच्या कोपऱ्यात ठेवलं, नवी दांडी बसवली आणि ओलं सिमेंट गोणपाटानं झाकलं. तो हातपाय धुऊन गेला. प्रफुल वाडीत गुरांना पाणी पाजत होता तेव्हा सपरीतून हाक आली.

"प्रफुल."

बसक्या आवाजातली, पण पार गोठ्यापर्यंत आलेली हाक. दवाखान्यात बावीस दिवसांत त्यांनी कोणालाही हाक मारली नव्हती. प्रफुल बादली टाकून आला.

लटारू दांडी धरत आत गेले आणि बसले. प्रफुल बाहेर थांबला. पाणी सोडल्याचा आवाज आला, मग आतून भिंतीवर टकटक झाली, तेव्हा तो आत शिरून बेसिनच्या मोकळ्या जागी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर गोणपाटाआडची नवी दांडी, उघडं पडलेलं सिमेंट आणि बेसिनची चार भोकं होती. उजव्या खांद्यावर पंजा पडला. बोटं रुतली. मग वजन आलं, एवढं की त्याचे गुडघे वाकले, आणि त्यानं ते सरळ केले. मागे बापाचा पाय फरशीवर घासला, थांबला, थरथरला. वजन एकदम डावीकडे गेलं, परत आलं. लटारूंच्या घशातून तोच ओझं उचलतानाचा श्वास निघाला.

प्रफुलनं आपले दोन्ही हात छातीशी आवळून धरले आणि डोळे समोरच्या भिंतीवरून हलवले नाहीत.